डावीकडचा मागचा स्पीकर

मी फळबागा उक्त्या घेतो. माल झाडावर असतानाच बागेतून एकदा चालत जायचं, पानाआडची फळं नजरेनं मोजायची आणि बांधावर येऊन एकच आकडा सांगायचा. पेरू असो, डाळिंब असो, त्या आकड्यात सगळं आलं. पुढं गारा पडल्या तर ते माझं नशीब. इंदापूरच्या स्टँडवर पेरूची पाटी घेऊन मी धंदा सुरू केला. आज दारात माझे दोन टेम्पो उभे आहेत, ते ह्या नजरेवर आणि ह्या जिभेवर. बाग बघण्यात आणि भाव करण्यात मी कधी फसलो नाही, असं मी परवापरवापर्यंत छातीवर हात मारून सांगायचो.

आता सांगत नाही. कारण त्याच्या मध्ये दोन स्पीकर आले, आणि त्या दोन्हींच्या मागं माझा साडू.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. मूळचा पणदऱ्याचा. घरचा ऊस, शिवाय तीस वर्षं साखर कारखान्यात टर्बाईनवर नोकरी. निवृत्त झाला आणि बारामतीत बंगला बांधला. त्याला सगळे साहेब म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. त्याच्या बायकोला मी आक्का म्हणतो, ते मात्र मनापासून.

दोन वर्षांपूर्वी त्या बंगल्याची वास्तुशांत होती. हॉलमध्ये साडूनं माणसाच्या उंचीचे स्पीकर उभे केले होते. कपाटं म्हणून कोणी त्यात कपडे ठेवले असते. जेवणं झाल्यावर पाहुण्यांना दाखवायला त्यानं कसलंतरी हेलिकॉप्टर लावलं. ते डोक्यावरून असं गेलं की एका म्हातारीनं पदर घट्ट धरला. साडू मधोमध सोफ्यावर, उजव्या हाताला आक्का. डावीकडची जागा रिकामी होती, तिथं मी जाऊन बसलो. मला एक बोलायचं होतं, आणि ते बोलायला मी सकाळपासून धीर गोळा करत होतो.

माझ्या बायकोला भाऊ नाही. थोरल्या मुलीचं लग्न ठरलं होतं, आणि लग्नात नवरीला बोहल्यावर आणायला, मंगलाष्टकं संपेपर्यंत तिच्या पाठीशी उभं राहायला मामा लागतो. मी वाकून म्हणालो, "साहेब, थोरलीचं ठरलं. तिला सख्खा मामा न्हाय. मामाच्या जागी तुमी उभं राहायचं. बाकी मला काय नको."

मागायची मला सवय नाही. घ्यायचं तर पैसे टाकून घ्यायचं, एवढंच मला कळतं. साडूनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. हेलिकॉप्टरकडं बघत राहिला, मग उजवीकडं वळून आक्काला म्हणाला, "बासुंदी उरली का गं?"

हात धुतो म्हणून मी उठलो, तो सरळ गाडीत जाऊन बसलो. बायको मागून धावत आली. वाटेत म्हणाली, "गर्दी होती, परत एकदा विचारा." मी म्हणालो, सांगितलेला आकडा मी दुसऱ्यांदा सांगत नाही. लग्नात कोऱ्हाळ्याचा, बायकोचा कुठलासा चुलत-चुलत भाऊ मामा म्हणून उभा केला. तो मंगलाष्टकांच्या मध्येच फोनवर बोलत होता. साडू आला, तिसऱ्या रांगेत आंबट तोंड करून बसला, अक्षता टाकल्या आणि न जेवता गेला. म्हणजे अपमान माझा, आणि रुसला तोच!

हा राग मी दोन वर्षं नीट सांभाळला. आढीत आंबे ठेवतात तसा, अधूनमधून पेंढा उचलून बघायचा, पुन्हा झाकायचा.

यंदा अधिक महिना आला. ह्या महिन्यात जावयाला धोंड्याचं जेवण घालायचं, दिवे लावून, ताटात पुरण भरलेले धोंडे वाढून. लग्नानंतरचा पहिलाच धोंडा, त्यामुळं सगळं दणक्यात. बायको म्हणाली, "आक्काला आणि साहेबांना बोलावायचंच. न्हाय बोलावलं तर मी पुरण शिजवणार न्हाय." मी म्हणालो बोलव. मला तेच पाहिजे होतं. माझ्याच हॉलमध्ये, माझ्याच खुर्चीत बसवून साडूला आवाज ऐकवायचा, आणि त्याच्या तोंडून निदान एकदा 'चांगलं हाय' एवढं वदवून घ्यायचं. बाकी कशानं नाही तर एवढ्यानं माझं पोट भरणार होतं.

टीव्ही मोठा होताच. गेल्या दिवाळीला पुण्यातल्या एका गिऱ्हाईकानं फ्लॅट विकला, तेव्हा त्याचा ॲम्प्लिफायर, पुढचे तीन स्पीकर आणि जमिनीवर ठेवायचा धडधड्या डबा, असा सगळा ढीग मी उक्ता आणला होता. घरी येऊन जोडला तेव्हा कळलं की मागच्या दोन स्पीकरची भोकं ॲम्प्लिफायरला आहेत, पण स्पीकर ढिगात नाहीत. त्या माणसाला फोन केला. तो म्हणाला, "काका, तुम्हीच म्हणालात ना, जे आहे ते उक्तं?" मी फोन ठेवला.

म्हणजे मागची जोडी घ्यायची होती. लहान आणि स्वस्त. स्वस्त माझ्यासाठी, लहान बायकोसाठी. मागच्या भिंतीला तिचं शोकेस आहे, वर देवाचे फोटो. तिनं स्वयंपाकघरातून पितळी तांब्या आणून माझ्यापुढं आपटला. "ह्या तांब्यापेक्षा मोठं काय बी त्या भिंतीवर चढायचं न्हाय. आक्काकडं ती कपाटं पुसून पुसून तिची कंबर गेली."

"अगं, आवाज काय तांब्याच्या मापानं मिळतो व्हय?"

"दूध मिळतं, तूप मिळतं. आवाज का न्हाय मिळायचा?"

तर तांब्या पिशवीत घालून मी बारामतीला गेलो.

पहिलं दुकान मोठं, काचेचं. मी मुद्दाम शटर वर जाताना पोचलो. सकाळच्या पहिल्या गिऱ्हाइकाला, भवानीच्या गिऱ्हाइकाला, दुकानदार मोकळ्या हातानं जाऊ देत नाही. चार पैसे सोडतो. तीस वर्षं मी ह्यावर घर चालवलंय. टाय लावलेला सेल्समन पुढं आला. मी पिशवीतून तांब्या काढून काउंटरवर ठेवला आणि म्हणालो, ह्या उंचीचे स्पीकर दाखवा. त्यानं तांब्यात वाकून बघितलं. कदाचित त्याला वाटलं मी पाणी मागतोय, कारण त्यानं कूलर दाखवला.

मग त्यानं मला अर्धा तास उभं करून सांगितलं की नुसती मागची जोडी घेऊन चालत नाही, पुढचे जुळणार नाहीत, सगळा सेटच घ्या. मी म्हणालो, बैलजोडीतला एक मेला तर गोठा नवा बांधतात का? तो म्हणाला, सर, फिक्स रेट आहे. मी अजून भाव विचारलाच नव्हता! ज्या दुकानात विचारायच्या आधी फिक्स रेट सांगतात तिथं माल नसतो, नुसता एसी असतो. तांब्या उचलला आणि निघालो.

दुसरं दुकान एका बोळात, आठ फुटी, छतापर्यंत खोकी. गल्ल्यावर चाळिशीची बाई, चष्मा कपाळावर, हातात सोल्डरिंगची कांडी. एका रेडिओचं पोट उघडून बसली होती. तिनं तांब्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि तांब्याचं काही विचारलं नाही. हात आखडून बसायला हवं होतं ते मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं.

"मागं लावायचेत?"

"तुमाला कसं कळलं?"

"पुढं लावायचे असते तर बायकोनं हंडा दिला असता, काका."

काका म्हणाली. तिथंच भाव चढला. मी म्हणालो, "भवानी करा बाई, पहिलं गिऱ्हाईक हाय."

"भवानी झाली मघाशीच. रिमोटचे दोन सेल. ॲम्प्लिफायरच्या पाठीचा फोटो आणलाय का?"

आणला होता. मी काय अडाणी नाही. तिनं चष्मा खाली घेऊन बघितला आणि वरच्या फळीवरून चार वेगवेगळे लहान स्पीकर काढून ओळीनं मांडले. मी सवयीनं एकेक हातात घेऊन वजन बघितलं, बोटानं टिचकी मारून कानाशी धरलं. पोकळ असलं की कलिंगड बोलतं तसं हेही बोलतं. एकाची पेटी नुसतं प्लास्टिक होती, टिचकीला ठणठण वाजली. तो मी बाजूला सारला. ती पहिल्यांदाच माझ्याकडं जरा मान देऊन बघायला लागली.

"बरोबर काढला तुम्ही. पण वजनावर जाऊ नका," ती म्हणाली, "हा जड आहे तो आत खाली लोखंडी पट्टी टाकलीय म्हणून. ऐका."

तिनं एकाच गाण्यावर एकामागून एक चारही वाजवले, आणि मग एक पाऊस लावला. नुसता पाऊस, पत्र्यावर पडणारा. जड स्पीकरमध्ये तो कढईत काहीतरी तळल्यासारखा वाटला. बारक्या लाकडी पेटीच्या एका जोडीत मात्र पत्रा कुठं संपतो आणि अंगण कुठं सुरू होतं, तेसुद्धा कळलं. मी तोंडावर काही दाखवलं नाही. बाग आवडली की मी आधी पाण्याची चौकशी करतो.

"लई बारके हायत. ह्यातून धडधड काय येणार?"

"धडधड यायला तुमच्याकडं खाली ठेवायचा डबा आहे. बोलणं पुढच्या मधल्यातून येतं. मागून फक्त वारा, पाऊस, पाखरं, कुणाची पावलं. पाठीमागून कोण बोलतं, काका?"

"आमच्यात सगळे पाठीमागूनच बोलतात."

ती हसली, पण भाव नाही सोडला. मी म्हणालो, जोडी उक्ती किती? तिनं आकडा सांगितला. मी अर्धा सांगितला. तिनं रेडिओ पुढं ओढला आणि सोल्डरिंग सुरू केलं. मी उठलो, बोळाच्या तोंडापर्यंत गेलो. अशा वेळी दुकानदार हाक मारतो. तिनं मारली नाही. तांब्या तिच्या काउंटरवर राहिला होता. तो घ्यायला मला परत यावं लागलं. इतक्या वर्षांत असा फजीत झालो नव्हतो.

शेवटी तासाभरानं जमलं. वायर फुकट, भिंतीचे ब्रॅकेट मी अर्ध्या किमतीत काढले, आणि जोडी माझ्या आकड्यापेक्षा तिच्या आकड्याच्या जरा जवळ. तांब्याशी उंची लावली तर स्पीकर बोटभर जास्त. बाई म्हणाली, "तांब्यावर फुलपात्र ठेवून मोजायला सांगा." घरी बायकोला मी हेच शब्द आपले म्हणून सांगितले. ती चक्क हसली, आणि स्पीकर भिंतीवर चढले. तिसऱ्या प्रहरी मी पावसाचं काहीतरी लावलं तर ती वाळवणाचे पापड उचलायला मागच्या दारात पळाली. मी साडूला मनातल्या मनात म्हणालो, ये आता.

तो आला. गाडी आक्का चालवत होती आणि हा शेजारी कलेक्टरसारखा बसलेला. निवृत्त झाल्यापासून हे असंच. मी मनात ते पण त्याच्या खात्यावर मांडलं. जेवायला जावई त्याच्या डाव्या हाताला बसला. पोरगं सालस आहे, दोनदा विचारलं, "काका, यंदा ऊस कसा हाय?" साडू धोंड्यावर तूप ओतून घेत राहिला, उत्तर नाही. जावयाचं तोंड एवढंसं झालं. आता माझ्या घरी येऊन माझ्या जावयालाही तेच! पण म्हटलं, जेवू दे. खुर्चीत बसला की बघतो.

जेवणं उरकली. मी साडूला बरोबर मधल्या खुर्चीत बसवलं. आक्का उजवीकडं जाऊन बसली. मुली, जावई, बायको मागं. ॲम्प्लिफायरमध्ये तपासणीची एक सोय आहे. प्रत्येक स्पीकरमधून पाळीपाळीनं बारीक सरसर येते, वाऱ्यात उसाचा पाला हलल्यासारखी. पुढचा डावा, मधला, पुढचा उजवा, मग मागचा उजवा, मग मागचा डावा. मी ती लावली. एक फेरी झाली. दुसरी झाली.

साडूनं हात वर केला. "थांबा. डावीकडचा मागचा बंद हाय."

"चालू हाय, साहेब."

"बंद हाय म्हणतोय ना. त्याची पाळी आली की आवाज उजवीकडूनच येतोय, आणि तो बी बारीक. स्वस्तातला घेतला व्हय?"

स्वस्तातला! मी स्टूल ओढलं, चढलो, डावीकडच्या स्पीकरवर हात ठेवला. जाळी थरथरत होती, मुठीत धरलेल्या पाखराच्या पिलासारखी. खाली सगळे तो ऐकत होते. थोरली म्हणालीही, "चालू हाय की ओ काका, मला तर—"

आक्कानं मागं हात नेऊन तिचं मनगट धरलं. जोरात. आक्का मान खाली घालून जमिनीकडं बघायला लागली.

मी वर होतो, म्हणून मला सगळं एकदम दिसलं. मधोमध साडू, उजवीकडं आक्का. डावीकडची खुर्ची रिकामी. त्या दिवशी बंगल्यात अशीच रिकामी होती, आणि तिथं मी जाऊन बसलो होतो. जावईसुद्धा मघाशी डावीकडंच बसला होता. आणि तीस वर्षं टर्बाईन.

माझ्या जिभेवर वाक्य तयार होतं. "स्पीकर चालू हाय साहेब, तुमचाच कान बंद हाय." दोन वर्षं मी ज्याची वाट बघत होतो ते ह्याहून मोठं काय मिळणार होतं? जावयासमोर, पोरींसमोर, फुकटात! साडू मान वळवून माझ्याकडं बघत होता. उजवा कान माझ्याकडं करून. त्याच्या डोळ्यांत मी एरवी बागवाल्याच्या डोळ्यांत बघतो ते होतं. आतल्या झाडांना कीड लागलीय हे त्याला माहीत असतं, आणि तुम्ही आतपर्यंत जाता का नाही, हे तो बघत असतो.

मी वायर उपटली.

"व्हय," मी म्हणालो, "बंदच हाय. फसवलं त्या बाईनं."

साडू खुर्चीत मागं रेलला. "मला विचारून जायचं होतं," तो म्हणाला. "तुमाला पेरूतलं कळतं. ह्यातलं वेगळं असतं."

जावई माझ्याकडं बघत राहिला. त्याला वाटलं असणार, सासऱ्याला ऐकू येत नाही.

चहा आणायला म्हणून मी स्वयंपाकघरात गेलो आणि कपबशी आपटली. बायको मागोमाग आली, हळू आवाजात म्हणाली, "आक्का मघाशी परसात रडली. डावा कान साफ गेलाय साहेबांचा, निवृत्तीच्या आधीपासनं. कुणाला सांगू देत न्हाईत. मशीन लावा म्हटलं तर ताट फेकतात. गाडी पण त्याच्यामुळंच सोडली." मग जरा थांबून म्हणाली, "आणि आक्का विचारत होती, लग्नात मामा म्हणून ह्यांना का न्हाय बोलावलं? नवा फेटा आणून ठेवला होता त्यांनी. हळदीपर्यंत वाट बघितली."

आता ह्याला काय म्हणायचं? डाळिंब वरून लालभडक असतं आणि आत काळं निघतं, ते मी हजारदा बघितलंय. आणि दोन वर्षं जो राग मी पेंढ्यात सांभाळला, तो मी एकदाही फोडून बघितला नव्हता. पण म्हणून राग गेला असं नाही. कान गेला असेल, तोंड तर होतं ना? एकदा सांगायला काय झालं होतं? आणि मलाही दुसऱ्यांदा विचारायला काय झालं होतं, असं बायको म्हणाली. तिला मी सांगितलं, तू साखर टाक.

ते निघाले तेव्हा साडू गाडीत डाव्या सीटवर बसला. माझ्या बाजूला त्याची खिडकी, आणि खिडकीला त्याचा तोच कान. मी गाडीला अख्खा वळसा घालून पलीकडं, आक्काच्या खिडकीशी गेलो. तिच्या स्टिअरिंगवरून आत वाकलो आणि मोठ्यानं म्हणालो, "साहेब, धाकटीचं बघायला लागलोय आमी. मामाच्या जागी तुमी उभं राहायचं."

आकडा दुसऱ्यांदा सांगितला. आयुष्यात पहिल्यांदा.

आक्कानं चावी फिरवली नाही. साडू समोरच्या काचेतून बघत राहिला, इतका वेळ की मला वाटलं हाही कान गेला.

"ही काय गाडीत बसल्यावर सांगायची गोष्ट हाय?" तो म्हणाला. मग घसा खाकरला. "आधी तो स्पीकर बदलून घ्या. तुमचं तिथं काय चालायचं न्हाय. रविवारी बारामतीत या, मी येतो दुकानात. बघतो कशी देत न्हाय बदलून."

झालं! आता चांगला, थरथरणारा, वाजणारा स्पीकर घेऊन दुकानात जायचं आणि तो बिघडलाय म्हणून भांडायचं, तेही साडूच्या देखत. त्या बाईनं तो तिथंच लावून दाखवला तर? दुसऱ्या दिवशी मी तिला फोन केला. म्हणालो, "बाई, रविवारी आमचे साडू येतील. ते म्हणतील स्पीकर बंद हाय. तुमी फक्त व्हय म्हणायचं आणि दुसरा द्यायचा. दुसऱ्याचे पैसे मी देतो. आणि वाजवून दाखवाल तो त्यांच्या उजव्या हाताला ठेवून वाजवा. का, ते विचारू नका."

ती म्हणाली, "माझ्या दुकानावर आळ घ्यायचा म्हणता."

"एक दिवस."

"मग पूर्ण भाव. आणि मागच्या वेळी ब्रॅकेटचे अर्धे पैसे सोडले होते, तेही."

मी म्हणालो, "बरं."

"काका," ती म्हणाली, "तब्येत बरी आहे ना?"

रविवारी साडूनं अर्धा तास तिला झापलं. गरिबाला लुटता, हा काय धंदा झाला, माल बघून द्यायचा असतो. ती मान खाली घालून ऐकत होती, पण चष्म्याच्या वरून माझ्याकडं बघत होती, आणि मी खोकी मोजत होतो. नवीन स्पीकर तिनं साडूच्या उजव्या कोपराशी ठेवून वाजवला. पाऊस लावला. साडू ऐकत राहिला, डोळे मिटून, बराच वेळ.

"चांगलं हाय," तो म्हणाला.

ज्यासाठी मी एवढं सगळं केलं ते दोन शब्द मिळाले. पण ते त्यानं त्या बाईला सांगितले.

बोळातून बाहेर पडताना मी त्याच्या उजव्या बाजूनं चालत होतो. तो म्हणाला, "धाकटीच्या लग्नाला मी मामा. फेटा माझ्याकडं हाय. पण मांडववाला, आचारी, वाजंत्री, कुणाशीच तुमी बोलायचं न्हाय. मी बोलणार. तुमाला भाव करता येत न्हाय."

मला! बारामती-इंदापूरच्या दोन तालुक्यांत ज्याला बागवाले बांधावरून हात जोडतात त्याला! माझा हात खिशातल्या पावतीवर गेला. पूर्ण भावाची पावती, ब्रॅकेटसकट. ती तिथंच चुरगाळली आणि म्हणालो, "व्हय साहेब. न्हाय येत."

तेव्हापासून जिथं दोन पाहुणे भेटतील तिथं साडू ही गोष्ट सांगतो. मी बंद स्पीकर घरी कसा नेला आणि त्यानं एका कानानं कसा ओळखला. 'एका कानानं' असं तोच म्हणतो, आणि आक्का तेव्हा दुसरीकडं बघते. लोक हसतात, मीही हसतो, आणि घरी येऊन बायकोवर ओरडतो.

जुना चांगला स्पीकर मी नंतर गुपचूप दुकानातून आणला, तो शोकेसमध्ये तांब्याच्या शेजारी पडून आहे. नवा भिंतीवर. साडू येणार असला की मी मधली खुर्ची उचलून डाव्या भिंतीला टेकवतो, म्हणजे सगळा आवाज त्याच्या उजवीकडून येतो. मग स्वयंपाकघराचं दार अर्धंच उघडतं, बायकोला परात आडवी करून बाहेर यावं लागतं, आणि दर वेळी ती विचारते, ही खुर्ची हितं कुणी लावली. मी टीव्हीचा आवाज मोठा करतो.